अर्ध्या तासातलं मृत्युपत्र

या संवादातले मामा साताऱ्याच्या दिवाणी न्यायालयात उभी हयात वकिली केलेले. भाची बंगळुरूला सॉफ्टवेअर कंपनीत. दोघंही कल्पित आहेत; त्यांच्या तोंडी आलेली कलमं आणि निकाल मात्र खरे आहेत. निमित्त असं, की भाचीने डोंबिवलीला राहणाऱ्या आपल्या विधवा आईचं मृत्युपत्र एका संकेतस्थळावर तयार करून घेतलं आणि पीडीएफ मामांच्या व्हॉट्सॲपवर टाकून खाली लिहिलं, ‘एकदा नजर घाला.’ मामांनी नजर घातली आणि ‘दिवाळीत बोलू’ एवढंच कळवलं. वकिलाने ‘बोलू’ म्हटलं की समजावं, बोलण्यासारखं बरंच आहे.

भाची : अकरा पानं आहेत मामा. साधी भाषा, सगळं क्रमवार. चूक कुठे आहे ते सांगा.

मामा : पानांत चूक नाही. आमच्या कोर्टाबाहेर टाइप होऊन मिळतात त्या मृत्युपत्रांपेक्षा ही पानं कितीतरी बरी. फक्त हे अजून मृत्युपत्र झालेलं नाही.

भाची : असं कसं? आईने शेवटी ओटीपी टाकून मंजुरी दिली आहे.

मामा : ओटीपीने बँकेतून पैसे निघतात, मृत्युपत्र होत नाही. २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा, म्हणजे तुमच्याच धंद्याचा कायदा, त्याची पहिली अनुसूची काढून बघ. ज्या दस्तांना तो कायदा लागूच नाही त्यांची यादी आहे तिथे आणि तीत मृत्युपत्र आहे. २०२२ साली यादीत फेरफार झाले, स्थावर मिळकतीच्या विक्रीचा करार तीतून निघाला. मृत्युपत्र होतं तिथेच राहिलं. आधारवरची ई-सही, मोबाईलवर बोटाने गिरवलेली सही, ओटीपी, यातलं काही चालत नाही. कागद लागतो आणि त्यावर शाईची सही किंवा अंगठा लागतो.

भाची : मग महाराष्ट्रात भाडेकरार कसा चालतो? आमच्या पुण्याच्या फ्लॅटचा लिव्ह अँड लायसन्स मी घरी बसून नोंदवला. यंत्रावर अंगठा ठेवला, झालं. सरकारचीच सोय आहे. मृत्युपत्रालाच सोवळं का?

मामा : भाडेकराराचं भांडण लागलं तर मालक आणि भाडेकरू सहसा दोघंही हयात असतात. कोर्ट दोघांना विचारू शकतं. मृत्युपत्राचं भांडण सुरू होतं तेव्हा ज्याला विचारायचं तो माणूसच नसतो. म्हणून १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात कलम ६३ आहे. करणाऱ्याने सही करायची. किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना बघायची, किंवा ‘ही माझीच सही’ असं त्याच्या तोंडून ऐकायचं. मग त्याच्या देखत आपापली सही करायची. दोघं एकाच वेळी हजर हवेत असंही नाही. स्टॅम्पपेपर नको, नोटरी नको, वकीलही नको. साध्या कोऱ्या कागदावर हे केलं तरी चालतं.

भाची : बघा, वकील नको, हे तुम्हीच म्हणालात!

मामा : कायदा म्हणतो. मी फक्त सांगतो.

भाची : पण हे दोन साक्षीदार व्हिडिओवर असले तर काय बिघडतं? इंग्लंडमध्ये कोविडच्या काळात चालत होतं. अमेरिकेत नेवाडा राज्याने इलेक्ट्रॉनिक मृत्युपत्र २००१ सालीच मान्य केलं.

मामा : इंग्लंडची ती सवलत मुदतीची होती. ३१ जानेवारी २०२४ला संपली. नेवाडाचं ठीक आहे, त्यांनी कायदाच तसा केला. उद्या आपल्या संसदेने केला तर मी पहिला तुझ्या संकेतस्थळावर जाईन. आज केलेला नाही आणि ताईचं वय आहे एकाहत्तर.

भाचीचा आक्षेप चुकीचा नाही. ज्या राज्यात भाडेकराराची नोंद घरबसल्या होते, तिथे म्हाताऱ्या माणसाला कागदाच्या छापील प्रतीसाठी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जावं लागावं, हे विचित्रच. तरी आजचा नियम हा आहे आणि तो न पाळलेली पीडीएफ कोर्टात कवडीमोलाची.

भाची : बरं. छापून घेते, आईची सही घेते, शेजारचे दोघं बोलावते. झालं ना?

मामा : शेजारचे दोघं कोण?

भाची : जोशी आजोबा आणि त्यांच्या मिसेस. समोरच राहतात.

मामा : वय?

भाची : आजोबा ऐंशीच्या घरात असतील.

मामा : मग ताईच्या आधी तेच जायचे! अगं, साक्षीदार फक्त सहीपुरता नसतो. मृत्युपत्राला कोणी हरकत घेतली तर दोघांपैकी किमान एकाला पिंजऱ्यात उभं राहून सांगावं लागतं. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम ६८ होतं. जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, त्यात ६७ झालं. नियम तोच. समोरचा वकील विचारतो : बाईंनी सही कुठे बसून केली? खोलीत आणखी कोण होतं? कागद त्यांनी स्वतः वाचला की कोणी वाचून दाखवला? चष्मा लावला होता का? तुम्ही सही केली तेव्हा त्या बघत होत्या का? यावर ‘आठवत नाही’ असं दोनदा आलं की पुढचं मी सांगायला नको. म्हणून साक्षीदार पन्नाशीच्या आतले, धडधाकट, पत्ता ठाऊक असलेले आणि ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असे घ्यायचे.

भाची : साक्षीदाराला काही दिलं असेल तर ते रद्द होतं ना? फॉर्मवर तशी सूचना होती.

मामा : ख्रिश्चन आणि पारशी यांच्या बाबतीत होतं, उत्तराधिकार कायद्याचं कलम ६७. हिंदूंना ते कलम लावलेलं नाही. तुझ्या फॉर्मने सगळ्यांना एकच सूचना देऊन टाकली. निरुपद्रवी चूक आहे, सावधपणाकडे झुकणारी. पण त्यावरून लक्षात घे, फॉर्मला समोर कोण बसलंय ते ठाऊक नसतं.

भाची : आणि तुमच्या मसुद्याला असतं? मामा, तुमच्या कार्यालयातलं मृत्युपत्र मी लहानपणी वाचलं आहे. ‘कारणे मृत्युपत्र लिहून ठेवतो ऐसाजे.’ मग मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा आणि मधोमध ते ठरलेलं वाक्य : ‘मुलींची लग्ने करून दिली असून त्यांना योग्य ते दिले आहे.’ किती जणांच्या मृत्युपत्रात ते वाक्य गेलं असेल? कुणी विचारलं होतं का त्या बापाला, की मुलीला खरंच काही द्यायचं नाही का? टायपिस्टने मागचा कागद काढला आणि नावं बदलली. तोही फॉर्मच की. फक्त त्याचे पैसे जास्त पडत होते.

मामा : ...खरं आहे.

भाची : संकेतस्थळाने आईला काय विचारलं माहीत आहे? तुमच्यावर अवलंबून असलेलं, पण नात्यात न बसणारं कोणी आहे का? आई थांबली. मग तिने स्वयंपाकाच्या मावशींच्या नावे दोन लाख लिहिले. नववं पान बघा.

मामा : बघितलं. ताई मला कधी बोलली नाही.

भाची : तुम्हाला कशी बोलेल? तुम्ही म्हणाला असता, ‘पगार देतेस ना दर महिन्याला, आणखी कशाला?’ बाबा गेल्यावर दवाखान्यात रात्रीची थांबायला मावशीच होत्या. मी बंगळुरूला, दादा कॅनडात. भावासमोर बाईला हे सांगता येत नाही. भाऊ वकील असेल तर मुळीच नाही.

इथे माझा कौल भाचीला. मृत्युपत्राच्या चर्चेत वकिलाच्या फीबद्दल सगळे बोलतात, वकिलासमोरच्या संकोचाबद्दल कोणी बोलत नाही. गावातला वकील कुणाचा तरी मेहुणा असतो, कुणाचा तरी वर्गमित्र असतो. धाकट्या मुलाचं दारूचं प्रकरण, पहिल्या लग्नाची मुलगी, वेगळं ठेवलेलं बँकखातं हे त्याच्यासमोर काढायचं तर माणूस दहा वेळा विचार करतो आणि शेवटी काढतच नाही. पडदा निमूट असतो. त्याच्यापुढे लिहिलेली यादी म्हणूनच जास्त खरी निघते.

मामा : मावशींचं राहू दे तसंच. फक्त ‘मावशी’ लिहून चालणार नाही, आधारवरचं पूर्ण नाव आणि पत्ता घाल. आता तिसरं पान काढ. फ्लॅट. तिथे काय लिहिलंय?

भाची : ‘माझ्या मालकीची सदनिका माझ्या मुलाला व मुलीला समान.’

मामा : ताईच्या मालकीची कशी?

भाची : म्हणजे? सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव आहे. फॉर्ममध्ये ‘स्वतःच्या नावावर’ की ‘संयुक्त’ एवढंच विचारलं होतं.

मामा : विकत घेतला तेव्हा दस्त कुणाच्या नावे?

भाची : बाबांच्या. हप्ते आईच्या पगारातूनही गेले, पण दस्त बाबांच्या एकट्याच्या नावावर.

मामा : भाऊजी कधी गेले?

भाची : २०११.

मामा : मृत्युपत्र?

भाची : नव्हतं. आई नॉमिनी होती, सोसायटीने तिचं नाव लावलं.

मामा : नॉमिनी म्हणजे मालक नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली विम्याच्या पैशांबाबत सरबती देवींच्या खटल्यात हे सांगितलं. डिसेंबर २०२३मध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत पुन्हा सांगितलं, शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर. ‘कालनिर्णय’कार जयंतरावांच्या गुंतवणुकीवरून उभा राहिलेला खटला तो. विम्याच्या कायद्यात २०१५ साली थोडा बदल झाला, आईबाप, नवराबायको, मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच. पण फ्लॅटचं तसं नाही. आपल्या सहकार कायद्यात २०१९ साली कलम १५४ब-१३ आलं, त्यातही नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद म्हटलंय. तेव्हा २०११ साली फ्लॅट गेला भाऊजींच्या वारसांकडे. कोण वारस?

भाची : आई, दादा, मी. म्हणजे तीन हिस्से.

मामा : तुझी आजी तेव्हा होती ना?

भाची : होती. २०१४ला गेली.

मामा : मग तीन नाही, चार हिस्से. हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर आई पहिल्या वर्गातली वारस असते. बाप त्या वर्गात नाही, आई आहे. आजीला चार आणे मिळाले. आजीने मृत्युपत्र केलं होतं?

भाची : आजीने? मामा, आजीला सहीसुद्धा...

मामा : मग आजीचे चार आणे तिच्या मुलांकडे गेले. तुझे काका, तुझी आत्या, आणि तुझ्या बाबांच्या जागी तुम्ही दोघं भावंडं. ताईला त्या चार आण्यांतलं काही नाही, सून त्या ओळीत बसत नाही.

भाची : थांबा. म्हणजे डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये काका आणि आत्याचा हिस्सा आहे?

मामा : प्रत्येकी बारावा. आणि ताई ज्या फ्लॅटला ‘माझ्या मालकीची सदनिका’ म्हणते, त्यात तिचे चार आणे आहेत. तेवढेच ती कुणाला देऊ शकते.

भाची : पण काका कधी मागणार नाहीत.

मामा : काका नाही मागणार. काकांनंतर त्यांचे जावई? फ्लॅट पुनर्विकासाला गेला आणि बिल्डरच्या वकिलाने मालकीची साखळी तपासली तर? तेव्हा बारावा हिस्सा म्हणजे किती लाख, हे सगळ्यांनाच मोजता येतं.

हा प्रसंग अपवादाचा नाही. मुंबई, ठाणे, पुण्यात असे किती फ्लॅट असतील, जिथे वडील कागद न करता गेले, आजी मागे राहिली आणि सोसायटीने आईचं नाव लावून फाईल बंद केली. संकेतस्थळ विचारतं, ‘मालमत्ता कुणाच्या नावावर आहे?’ विचारायला हवं, ‘ती तुमच्याकडे आली कशी?’ या एका प्रश्नात मामांची सगळी वकिली आहे. तो प्रश्न फॉर्ममध्ये घालता येणार नाही असं मात्र मला वाटत नाही. घातलेला दिसत नाही, एवढंच.

भाची : मग आता काय करायचं?

मामा : काका, आत्या, दादा आणि तू, सगळ्यांनी आपापला हिस्सा ताईच्या नावे सोडायचा. हक्कसोडपत्र, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं. ते सक्तीचंच नोंदवावं लागतं, मृत्युपत्रासारखं ऐच्छिक नाही. दादा कॅनडात आहे, त्याला यावं लागेल किंवा तिथल्या भारतीय दूतावासात कुलमुखत्यारपत्र करून पाठवावं लागेल.

भाची : तोवर मृत्युपत्र थांबवायचं?

मामा : मुळीच नाही! हीच चूक लोक करतात. आधी सगळं निस्तरू, मग लिहू. तोवर माणूस जातं. आजच लिहायचं : ‘सदर सदनिकेत माझा आज असलेला आणि पुढे मला मिळेल तो सर्व हिस्सा.’ आणि शेवटी एक कलम : ‘वर न लिहिलेली माझी उरलेली सर्व स्थावर-जंगम मिळकत’ अमक्याला. ते तुमच्या पीडीएफमध्ये आहे, चांगलं केलंय. उद्या बदलावंसं वाटलं तर बदला. करणारा हयात असेपर्यंत मृत्युपत्र कितीदाही फिरवता येतं, शेवटचं ते खरं.

भाची : आमच्या ऑफिसातल्या फोंड्याच्या एका मित्राने माझं बघून स्वतःचंही केलं. सगळं बायकोच्या नावे. दोन मुलं आहेत, पण लहान.

मामा : मूळचा गोव्याचाच?

भाची : हो, लग्नही तिथेच नोंदवलेलं.

मामा : मग त्याला सांग, ते फाडून टाक. गोव्याच्या माणसाला पोर्तुगीज काळापासूनचा दिवाणी कायदा लागतो. आता २०१२चा वारसा अधिनियम आहे. मुलं असतील तर अर्धी मिळकत त्यांचीच, ती मृत्युपत्राने हिरावता येत नाही. आणि लग्नाच्या वेळी वेगळा करार नसेल तर नवराबायकोची मालमत्ता मुळातच अर्धी-अर्धी. तो बंगळुरूला राहतो म्हणून सुटला असं नाही. गोवेकराची भारतात कुठेही असलेली मिळकत त्याच कायद्याने जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितलंय. तिथे रीत आहे नोटरीपुढे मृत्युपत्र करायची. मुसलमानांचंही वेगळं, वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही. फॉर्ममध्ये धर्म विचारला होता?

भाची : विचारला होता. गोवा नव्हता विचारला.

मामा : आणि तुझं स्वतःचं?

भाची : माझं काय?

मामा : मृत्युपत्र. आईचं अकरा पानी केलंस. तुला मूलबाळ नाही, पगार चांगला आहे, फ्लॅट आहे. नारायणी देवींचा खटला ऐकलायस? २००९चा, ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा वारला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं. आईवडिलांनी शिकवलं, नोकरी केली, बँकेत आणि भविष्य निर्वाह निधीत बरीच रक्कम साठली. १९९६ साली त्या गेल्या, मृत्युपत्र न करता. आईने हक्क सांगितला. सर्वोच्च न्यायालयाने पैसे दिले नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. ज्या सासरने हाकललं, त्याच सासरला.

भाची : हा कसला न्याय?

मामा : हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १५. मूल नसलेली, नवरा हयात नसलेली हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिची स्वतः कमावलेली मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, मग तिच्या आईबापाकडे. कायदा कठोर आहे हे कोर्टालाही दिसत होतं, पण सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, असं म्हणाले. दोन साक्षीदारांचा एक कागद असता तर खटलाच उभा राहिला नसता.

भाची : म्हणजे तुम्हीच मला संकेतस्थळावर पाठवताय.

मामा : पाठवतोय. तुझ्या मिळकतीत गुंता नाही, तू स्वतः घेतलीस, तुझ्याच नावावर आहे. तुला ते अर्ध्या तासात जमेल. ताईला नाही जमलं.

भाची : आणि नोंदणी? आईला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाचे जिने चढवणार नाहीत. गुडघे गेलेत.

मामा : नोंदणी ऐच्छिक आहे, पण तिच्या बाबतीत करावी असं माझं मत. मुद्रांक शुल्क नाही. आजारपणाचं, वयाचं कारण दाखवलं तर नोंदणी अधिकारी घरी येऊ शकतो, कायद्यात तशी सोय आहे. किंवा बंद लखोट्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवायचं, नोंदणी कायद्याचं कलम ४२. सही करण्याच्या दिवशी तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून ‘समजून-उमजून निर्णय घेण्यास समर्थ’ असा दाखला घे. आणि मूळ प्रत कुठे ठेवली ते दादाला आणि तुला दोघांनाही ठाऊक हवं. लोक लॉकरमध्ये ठेवतात आणि लॉकर उघडायचा अधिकार कुणाला, हेच त्या मृत्युपत्रात लिहिलेलं असतं!

भाची : पासवर्डचं पान तुम्ही वाचलंच नाहीत. डिमॅट, ईमेल, सगळं आहे त्यात.

मामा : वाचलं. ते मृत्युपत्रात नको. नोंदणी झाली तर त्याची नक्कल निघते. वेगळ्या कागदावर कर आणि पाकिटात ठेव.

भाचीने तिसरं पान त्याच संध्याकाळी बदललं, नवव्यावर मावशींचं पूर्ण नाव आणि पत्ता घातला, पासवर्डचं सातवं काढून टाकलं, बाकीची आठ पानं होती तशी राहिली. एवढ्यावरून माझा निकाल असा : मसुदा आणि यादी यांसाठी संकेतस्थळ उत्तम, मालकीची साखळी तपासायला माणूसच हवा, आणि त्यासाठी तासाभराची फी देणं महागात पडत नाही. ज्या वाचकांचे वडील मृत्युपत्राशिवाय गेले आणि घर आता आईच्या ‘नावावर’ आहे, त्यांनी फॉर्म उघडण्याआधी दोन तारखा शेजारी शेजारी लिहाव्यात : वडील गेले ती आणि आजी गेली ती. आजीची तारीख नंतरची असेल, तर पहिला फोन काकांना आणि आत्याला करा.